शेजारची सोळा मजली इमारत पाडली जाणार आहे; आमच्या सोसायटीने काय करावे?

प्रश्न : मुंबईच्या पश्चिम उपनगरातील आमची सात मजली इमारत १९८४ सालची आहे. तिच्यापासून जेमतेम सहा मीटरवरची सोळा मजली इमारत पुनर्विकासासाठी पुढच्या महिन्यात यंत्रांनी पाडली जाणार आहे. महापालिकेची परवानगी असल्याने आम्हाला कागद दाखवण्यास आपण बांधील नाही, असे विकासक म्हणतो. काही सभासदांना स्थगिती हवी आहे. सचिव म्हणून मी काय करावे?

उत्तर : महापालिकेच्या परवानगीमुळे विकासकाला पाडकाम करता येते, पण त्यात आपल्या इमारतीला इजा झाली तर त्याची भरपाई करण्याची जबाबदारी त्या परवानगीने संपत नाही. मात्र केवळ भीतीपोटी मागितलेला सरसकट मनाई हुकूम न्यायालय सहसा देत नाही, कारण शेजारच्या रहिवाशांनाही आपली घरे नव्याने बांधून घेण्याचा हक्क आहे. त्यामुळे पाडकाम सुरक्षित पद्धतीनेच व्हावे, एवढ्यावरच आपण ठाम राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाडकाम सुरू होण्याआधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आपल्या इमारतीची आजची स्थिती नोंदवून घ्या. प्रत्येक सदनिका, खांब, तुळया, पाण्याची टाकी आणि कुंपणभिंत यांतील सध्याच्या तड्यांची रुंदी मोजून, तारखेसह छायाचित्रे काढून, अहवालाची प्रत विकासकाला पोच घेऊन द्यावी. इतक्या जुन्या इमारतीत काही तडे असणारच, आणि उद्या वाद झाला की ‘हे आधीपासूनच होते’ हाच विकासकाचा पहिला बचाव असतो; अशी नोंद नसेल तर खरी तक्रारसुद्धा शाबीत करणे फार कठीण जाते. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातील सुमारे १०० मीटर उंचीचे दोन टॉवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार स्फोटकांनी पाडले गेले, तेव्हा लगतच्या इमारतींची आधी पाहणी झाली होती आणि १०० कोटी रुपयांचा विमाही उतरवला होता. तरीही शेजारच्या एका सोसायटीच्या कुंपणभिंतीचा काही भाग पडलाच.

त्यानंतर वकिलामार्फत नोटीस देऊन पाडकामाचा आराखडा, विम्याची प्रत आणि कंपन मोजण्याची व्यवस्था मागा. आयएस ४१३० : १९९१ ही पाडकामाच्या सुरक्षिततेची भारतीय मानक संहिता आहे, तिचा उल्लेख नोटिशीत अवश्य करा. वरच्या स्लॅबवर ब्रेकर (काँक्रीट फोडणारे यंत्र) चढवणार असल्यास खालच्या मजल्यांना टेकू कसे देणार आणि राडारोडा स्लॅबवर साचू न देता खाली कसा उतरवणार, हे लेखी विचारा. परवानगीची कागदपत्रे माहिती अधिकारात मिळतील, पण त्यासाठी ३० दिवसांची मुदत असल्याने अर्ज आजच करा.

पाडकामाइतकाच धोका त्यानंतरच्या तळघराच्या खोदकामात असतो आणि तिथे आपली बाजू भक्कम आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार, शेजारच्या जमिनीचा आधार इमारतीला २० वर्षे शांतपणे आणि अखंड मिळालेला असेल, तर तो हक्क ठरतो. आपल्या इमारतीने ती मुदत केव्हाच ओलांडली आहे. ‘काम कंत्राटदाराचे होते’ एवढे सांगून मालकाला सुटताही येत नाही. बॉवर विरुद्ध पीट या १८७६ च्या इंग्लंडमधील निवाड्यात शेजारचे घर पाडून खोदकाम झाल्याने आधार गेला, तेव्हा कंत्राटदाराने जबाबदारी पत्करलेली असूनही मालकालाच जबाबदार धरले गेले.

नोटिशीला दाद मिळाली नाही, तर पुरेशा उपाययोजनांशिवाय काम करण्यास मनाई मागणारा दावा लावा आणि त्यातच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनरकडून, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडून, जागेची पाहणी मागा. इंजिनिअरच्या अहवालासह मागितलेला असा मर्यादित हुकूम मिळण्याची शक्यता मला बरीच अधिक वाटते. इमारत पाडताना माणसांच्या जिवाला असलेला धोका टाळण्यात निष्काळजीपणा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. वरून मलबा आपल्या आवारात पडू लागला, तर पोलिसांकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. महापालिकेलाही प्रतिवादी करण्याचा विचार असेल, तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५२७ ची एक महिन्याची नोटीस लागते. ती विकासकाच्या नोटिशीबरोबरच पाठवून द्यावी.