लहान मूल असलेल्या घरात केमिकलवाली 'फायरप्रूफ' फोमची गादी घ्यावी का, की त्याशिवाय आगीपासून बचाव होतो?

घेऊ नका. याच विषयावरून माझं आणि दादाचं वर्षभर बोलणं बंद होतं, म्हणून लिहितोय.

अमळनेरजवळ आमचं घर. आबा खाटेवर पडल्या पडल्या बिडी ओढायचे. पण त्यांच्या कापसाच्या गादीवर कायम धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी असायची. तिला ज्वारीच्या दाण्याएवढी कितीतरी भोकं होती, कडा कडक, चोळल्या तर बोटांवर काळी भुकटी. निखारा पडला की केस जळाल्याचा वास यायचा आणि तो तिथंच विझायचा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

पुतणीच्या लग्नात दादाने घोंगडी काढून टाकली. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणे. सुती चादर घातली. आठवडाभरात एका पहाटे माय ओरडली, "गादीले आग लागनी रे!" ज्वाळा नव्हतीच. रुपयाएवढं काळं भोक आणि धूर. दादाने बादलीभर पाणी ओतलं, म्हणाला, विझली. मी जिनिंगमध्ये सतरा वर्षं काढलीत. कापूस वरून विझतो, आत धुमसत राहतो. गादी अंगणात ओढली आणि विळ्याने फाडली, तर ओल्या कापसाखाली हातभर पट्टा लालभडक. आबांचं कोपर भाजलं, तेवढ्यावर निभावलं.

दादाने दोष कापसाला दिला आणि फोमचा सोफा आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, औषध मारलेलं आहे, पेटणार नाही.

कॅलिफोर्नियात १९७५ पासून सोफ्यासारख्या फर्निचरच्या नुसत्या फोमला १२ सेकंद ज्योत लावून बघायचे, म्हणून कंपन्या फोममध्ये केमिकल घालायच्या. पण घरात आधी पेटतं ते वरचं कापड, आणि त्या ज्वाळेपुढे फोममधलं औषध टिकत नाही. २०१३ च्या नियमात ही चाचणी बदलली. आता धुमसती सिगारेट ठेवून कापड आणि आतलं सामान बघतात, आणि त्यात केमिकलशिवाय पास होता येतं. २०२१ पासून हा नियम अख्ख्या अमेरिकेत आहे. शिवाय ही बरीचशी केमिकलं फोमला पक्की चिकटलेली नसतात, झिरपून घरातल्या धुळीत येतात. रांगणारं पोर तीच धूळ हाताने तोंडात घालतं. दादाची नात दिवसभर त्या सोफ्यावर लोळते, ते मला बघवत नाही.

तुम्ही पिंजाऱ्याकडून गादी भरून घ्या, वर घोंगडी टाका. मुलाला टोचत असेल तर घोंगडीवर चादर घाला, खालचा कापूस तरी वाचतो. मच्छर अगरबत्ती आणि देवघरातला दिवा अंथरुणापासून लांब ठेवा.

आणि हो, बिनकेमिकलचा फोमही सुरक्षित नाही. तो भडकला की काही मिनिटांत खोली विषारी धुराने भरते. कापसाच्या धुमसण्यानेही झोपेत माणूस जातो, त्यामुळे अंथरुणात बिडी नकोच. हे मी आबांना कधी सांगू शकलो नाही. दादा मोठा होता, त्याने सांगायला हवं होतं. त्याने घोंगडी काढली.