रूट कॅनालनंतर दाढ दुखत नसेल, तरी कॅप बसवावी का? नंतर काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की रूट कॅनाल झालं, दाढ आता अजिबात दुखत नाही, मग कॅपची घाई कशाला. मीही असाच विचार करून तीन महिने डॉक्टरांकडे गेले नाही. एके दिवशी मऊ घास चावताना कट् असा आवाज आला आणि जिभेला धारदार कड लागली. दाढेचा एक कोपराच तुटला होता. चीर मुळापर्यंत गेली नव्हती म्हणून दाढ वाचली, नाहीतर ती काढावीच लागली असती.

रूट कॅनालमध्ये कीड आणि आतली नस काढतात, त्यामुळे दाढ आतून पोकळ होते आणि चावण्याचा जोर उरलेल्या भिंतींवर येतो. कॅप त्या भिंतींना बाहेरून धरून ठेवते. पुढचा दात फारसा खराब नसेल तर कधीकधी नुसत्या भरण्यावर भागतं, दाढेचं सहसा भागत नाही.

दाढ चारी बाजूंनी तासतात, माप घेतात आणि पक्की कॅप येईपर्यंत तात्पुरती लावून देतात. ती कच्च्या सिमेंटवर असते, त्यामुळे चिकट काही खाऊ नका आणि फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वर न ओढता बाजूनं सरकवून काढा.

पक्की कॅप बसवतात त्या दिवशी मात्र अजिबात घाई करू नका. डॉक्टर रंगीत कागद ठेवून चावायला सांगतात. माझ्या कॅपवर एकाच जागी गडद निळा ठिपका उमटत होता, म्हणजे तिथं ती उंच होती, ती जागा चार वेळा घासावी लागली. तोंड बधिर असेल तर आपल्याला नीट अंदाज येत नाही. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांतही तीच दाढ आधी टेकतेय असं वाटलं तर परत जा. ‘होईल सवय’ म्हणून सोसू नका, त्यानं दाढ दुखायला लागते, कॅपही फुटू शकते.

आता काळजीचं. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा तुमचा दात किडतो. आणि त्यात नस उरलेली नसल्यामुळे ठणका लागून तो सांगतही नाही! म्हणून दुखण्याची वाट बघू नका. हिरडीलगत मऊ ब्रश आणि रोज रात्री फ्लॉस, हे मी एक दिवसही चुकवत नाही. फ्लॉस एकाच जागी अडकून पिंजायला लागला, किंवा तिथून वास येऊ लागला, तर लगेच दाखवा. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढून घ्या. झोपेत दात खात असाल तर नाईट गार्डबद्दल (झोपताना दातांवर लावायचं कव्हर) विचारा.

कॅप निघालीच तर फेकू नका. धुऊन डबीत ठेवा, घरचा गोंद लावून चिकटवू नका आणि एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर शेजारचे दात सरकतात आणि मग तीच कॅप पुन्हा बसत नाही.