दोन्ही कंपन्या स्टार अलायन्सच्या आहेत, मग तिकिटं वेगवेगळी काढली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईबाबा मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागोला आणि तिथून मिनियापोलिसला तुमच्याकडे येणार. मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तान्साचं आणि पुढचं युनायटेडचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं काढली तर बरेच पैसे वाचतात. दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या, तेव्हा बॅगा आपोआप पुढे जातील आणि पहिलं विमान लेट झालं तर अलायन्स सांभाळून घेईल, असं तुम्ही धरून चालला आहात. कृपया तसं धरू नका. आईबाबा दोघंच येणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अलायन्स स्वतः विमानं उडवत नाही. स्टार अलायन्स 14 मे 1997 रोजी पाच कंपन्यांनी सुरू केली: युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई एअरवेज आणि स्कँडिनेव्हियाची एसएएस. आज सदस्य पंचवीसच्या आसपास आहेत, पण प्रत्येकीचं तिकीट वेगळं, नियम वेगळे, हिशेब वेगळा. सदस्यत्व हा कंपन्यांचा आपसातला करार. तो जुळवायलाही वेळ लागतो. एअर इंडियाला 2007 मध्ये निमंत्रण मिळालं, 2011 मध्ये प्रक्रिया थांबली आणि प्रत्यक्ष प्रवेश झाला 11 जुलै 2014 ला. किंगफिशर फेब्रुवारी 2012 मध्ये वनवर्ल्ड या दुसऱ्या अलायन्समध्ये जाणार होती, ते लांबणीवर पडलं आणि त्याच वर्षी कंपनीची उड्डाणंच बंद झाली. संस्थापक असलेली एसएएससुद्धा 31 ऑगस्ट 2024 ला स्टारमधून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवसापासून स्कायटीम या तिसऱ्या अलायन्समध्ये गेली. कंपन्या येतात-जातात. प्रवाशाला हक्क मिळतो तो त्याच्या तिकिटातून.

एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असेल तर फ्रँकफर्टला कनेक्शन चुकल्यावर पुढच्या विमानात बसवून देणं ही विमान कंपनीची जबाबदारी. दोन तिकिटं असतील तर युनायटेडच्या दृष्टीने तुमचे आईबाबा वेळेवर न आलेले प्रवासी ठरतात. तिकीट वाया जाऊ शकतं आणि ऐनवेळचं नवीन तिकीट किती महाग पडतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

बॅगांची गोष्ट याहून गंभीर आहे. स्वतंत्र तिकिटांवर शेवटच्या विमानतळापर्यंत टॅग लावून मिळेलच असं नाही. काउंटरवरच्या माणसाने ऐकलं तर ऐकलं, हक्काने मागता येत नाही. टॅग फ्रँकफर्टपर्यंतच लागला, तर बॅगा घ्यायला इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागेल आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा प्रवेश-व्हिसा) हवा. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना जर्मनीत विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण त्या व्हिसावर बाहेर पडता येत नाही. म्हणजे बॅगा बेल्टवर फिरत राहणार आणि आईबाबा आत अडकणार. या एका कारणासाठी तरी वाचणारे पैसे सोडून द्या.

पर्याय सोपा आहे. लुफ्तान्साच्या किंवा युनायटेडच्या साइटवर मुंबई ते मिनियापोलिस असं एकत्रच शोधा. या दोघींचं अटलांटिकवर घट्ट साटंलोटं आहे, त्यामुळे मिश्र प्रवास एका तिकिटावर सहज निघतो. एजंटकडून घेणार असाल तर नुसत्या पीएनआरवर विसंबू नका, एका पीएनआरखाली दोन तिकिटं असू शकतात. तेरा आकडी तिकीट नंबर बघा. पहिले तीन आकडे कंपनीचे: लुफ्तान्सा 220, युनायटेड 016, एअर इंडिया 098. प्रत्येक प्रवाशासाठी सगळ्या टप्प्यांवर तोच नंबर दिसला पाहिजे. आणि फ्लाइट नंबराखाली 'ऑपरेटेड बाय' म्हणून, म्हणजे विमान प्रत्यक्ष उडवणारी म्हणून, कोणती कंपनी लिहिली आहे ते वाचा. चेक-इन त्याच कंपनीच्या काउंटरवर होतं. व्हीलचेअर मागणार असाल तर ती प्रत्येक टप्प्यावर नोंदली गेली आहे का, हे फोन करून विचाराच.

तुमच्या स्टार अलायन्स गोल्ड कार्डाबद्दल (सतत प्रवास करणाऱ्यांना मिळतं ते): ते तुमच्या नावावर आहे, आईबाबांना चालणार नाही. लाउंजमध्ये एक पाहुणा नेता येतो, पण तुम्ही स्वतः सोबत प्रवास करत असाल तरच. मैल, म्हणजे प्रवासावर मिळणारे पॉइंट, मात्र त्यांच्या नावाने जरूर जमवा, दोघांची खाती एकाच कंपनीच्या मैल कार्यक्रमात उघडून. क्वचित प्रवास करणाऱ्यांसाठी मला युनायटेडचा कार्यक्रम बरा वाटतो, कारण तिथले मैल मुदतीत संपत नाहीत. लुफ्तान्साच्या कार्यक्रमात साधारण सदस्याचे 36 महिन्यांनी संपतात. मैल जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू देऊ नका.

एवढं करूनही एक काम आईबाबांना स्वतःच करावं लागेल आणि ते आधी नीट समजावून सांगा. टॅगवर मिनियापोलिसचा कोड एमएसपी असला तरी अमेरिकेत पहिल्यांदा उतरतात ते शिकागोला. तिथे इमिग्रेशन झालं की बेल्टवरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. मधे दोन तास पुरतील असं समजू नका. व्हीलचेअर असेल तर चार तासांचं अंतर असलेलंच कनेक्शन निवडा.