थंडीत पळताना कपडे किती घालावेत?

हवा आहे त्यापेक्षा साधारण १० अंश उबदार आहे असं धरून कपडे घाला. पहिली ५-१० मिनिटं थोडं गारठायलाच हवं. दारातच ऊब वाटली तर पुढे घामाघूम व्हाल. अंगालगतचा थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वेग मंदावला की तोच ओलावा अंग गार करतो. वॉर्मअप घरातच उरका. तहान कमी लागेल, तरी पाणी प्या.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर बराच वेळ ताटकळावं लागतं, तेव्हा टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगावर असू द्या. आणि शर्यत संपल्यावर, कृपा करून, फोटोंच्या आधी ओले कपडे बदला. नवे धावपटू हमखास तिथेच कुडकुडतात.