वाचकांचे प्रश्न : हातातला कन्सोल आणि मोठे गेम

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला आहे. त्याच्याकडे मामाने दुबईहून आणलेला निन्टेन्डो स्विच आहे. मित्राच्या प्लेस्टेशन ४ वर पाहिलेला ‘द विचर ३’ हा गेम त्याला स्विचसाठी हवा आहे. राजारामपुरीतल्या एका दुकानात आम्ही तो चालवून पाहिला, तेव्हा दूरची झाडे धुक्यात असावीत तशी पुसट दिसली. कार्ड खराब असेल का? गेम घ्यावा का?
– एक पालक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : कार्डात दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या कंपनीने मे २०१५ मध्ये हा गेम आणला, तो संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांची ताकद डोळ्यांपुढे ठेवून. स्विचचा पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी बनलेल्या गेमची स्विचवर चालेल अशी केलेली आवृत्ती, सेबर इंटरॅक्टिव्ह या कंपनीच्या सहकार्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. प्लेस्टेशन ४ वर या गेमचे चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपक्यांचे असते. स्विच हातात धरून खेळताना ते जास्तीत जास्त ९६० गुणिले ५४०, म्हणजे जेमतेम ५.२ लाख ठिपक्यांचे असते आणि १२८० गुणिले ७२० च्या पडद्यावर ताणून दाखवले जाते. आपण पाहिलेला पुसटपणा प्रामुख्याने या ताणण्याचा आहे.

चित्र लहान करणे हा मात्र पोर्ट करणाऱ्यांच्या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग होय. खरी अडचण प्रोसेसर आणि मेमरी यांची असते, कारण बाजारातल्या माणसांनी कुठे वळावे, शत्रूने केव्हा वार करावा, हे हिशेब पडदा लहान केल्याने कमी होत नाहीत. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी आहे, तर स्विचमध्ये ४ जीबी, आणि तीतलाही काही भाग यंत्र स्वतःसाठी राखून ठेवते. मग तडजोडी येतात. २०१७ मध्ये पॅनिक बटन या कंपनीने ‘डूम’ हा गेम स्विचवर आणला, तेव्हा सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेमचे (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांचे) लक्ष्य ठेवले, त्यामुळे प्रत्येक फ्रेम तयार करायला १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंद मिळाले. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ या गेमच्या स्विच आवृत्तीत तर हॉग्जमीड गावाच्या वेशीवर थांबावे लागते, इतर कन्सोलवर खेळाडू ज्या गावात सरळ चालत जातो, ते इथे स्वतंत्रपणे लोड होते. मला ही काटछाट गैर वाटत नाही. वेशीवर काही क्षण थांबणे, ऐन लढाईत चित्र अडखळण्यापेक्षा केव्हाही बरे.

आपल्या मुलाने गेम घ्यावा की नाही, हे तो कुठे खेळणार यावर ठरवावे. कोल्हापूर–पुणे एसटीत किंवा वसतिगृहात हातात धरून खेळणार असेल, तर जरूर घ्यावा. मूळ गेम आणि त्याचे दोन्ही मोठे विस्तार ३२ जीबीच्या एकाच कार्डावर बसवले आहेत, शिवाय २०२० च्या अपडेटपासून चित्राच्या काही सेटिंग्ज बदलता येतात आणि संगणकावरचा अपुरा राहिलेला खेळ स्विचवर पुढे नेता येतो. घरच्या मोठ्या टीव्हीवरच खेळायचे असेल, तर मात्र मित्राचा प्लेस्टेशन बरा. मुलगा महाविद्यालयात आहे हे योग्यच, कारण हा गेम प्रौढांसाठी आहे.

कोणताही पोर्ट घेण्यापूर्वी त्याचे हातात धरून खेळतानाचे चित्रण पाहावे. जाहिरातींतली दृश्ये बहुधा डॉकला (स्विच टीव्हीशी जोडणाऱ्या बैठकीला) जोडलेल्या, म्हणजे अधिक वेगाने चालणाऱ्या यंत्राची असतात. ‘क्लाउड’ असे नमूद केलेली आवृत्ती टाळावी. असा गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे त्याचे केवळ चित्र येते. खंबाटकी घाटात मोबाइलची रेंज गेली की खेळ थांबलाच.

प्रश्न : स्विच २ च्या काही कार्डांत गेमच नसतो, हे खरे का? जुने मेमरी कार्ड त्याला चालते का?
– एक विद्यार्थिनी, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : पहिले खरे आहे, पण सरसकट नाही. जून २०२५ मध्ये या यंत्राबरोबरच आलेला ‘सायबरपंक २०७७’ पूर्ण स्वरूपात ६४ जीबीच्या कार्डावर आहे. ‘गेम-की कार्ड’ मध्ये मात्र केवळ किल्ली असते; गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि तरीही खेळताना कार्ड यंत्रात असावेच लागते. तशी सूचना वेष्टनावर छापलेली असते, ती पैसे देण्यापूर्वी वाचावी. स्विच २ चे गेम साठवायला साधे मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागते. यंत्रातली स्वतःची जागा २५६ जीबी आहे, आणि उतरवून घ्यायचे मोठे गेम असतील तर ती लवकर भरते.