एनव्हीडीए या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ब्रेल डिस्प्लेवर (बोटांनी वाचायच्या ठिपक्यांच्या उपकरणावर) मराठीऐवजी स्लॅश आणि आकडेच का येतात? आणि आवाज असताना ब्रेल लागतंच कशाला? शिवाय डिस्प्लेवरचे संदेश वाचायच्या आत निघून जातात.

टेबल बदला, म्हणजे कुठल्या अक्षराला कोणते ठिपके हे ठरवणारा तक्ता. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ब्रेल विभागात आउटपुट टेबल मराठी करा. इनपुटचं टेबल वेगळं असतं, तेही करा. बिघाड डिस्प्लेत नाही.

दुसरा प्रश्न मात्र मला झोंबला, कारण हेच वाक्य मी साहेबांसमोर ऐकून घेतलंय.

नोकरीत मला चाळीस सेलचा (सेल म्हणजे एका ब्रेल चिन्हाची जागा) डिस्प्ले मिळाला. तो जोडून द्यायला एक प्रशिक्षक आले. मराठी फाईल उघडली, तर एका ‘क’साठी बोटांखाली काय यावं? अवतरणचिन्ह, उलटा स्लॅश, एक्स, शून्य, नऊ, एक, पाच, पुन्हा अवतरणचिन्ह. आठ सेल! म्हणजे अख्ख्या ओळीत पाच अक्षरं. प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: यावर मराठी येत नाही, आणि हल्ली ब्रेल वाचतंय कोण, आवाजावर काम करा.

०९१५ हा ‘क’चा युनिकोड क्रमांक आहे. म्हणजे अक्षर एनव्हीडीएपर्यंत बरोबर पोचत होतं, ते ठिपक्यांत कसं मांडायचं एवढंच इंग्रजी टेबलाला ठाऊक नव्हतं. हे काम एनव्हीडीएसाठी लिबलुई ही लायब्ररी करते आणि तिच्यात मराठीचं टेबल आहे. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ पासून आहे, कालपरवाचं नाही. प्रशिक्षक गेल्यावर मी टेबलांच्या यादीतून मराठी निवडलं आणि तीच फाईल घडाघडा वाचली.

तो एका अपघाताचा अहवाल होता. एका सहकाऱ्याने आवाजावर ऐकून ‘तपासला’ असा शेरा मारलेला. त्यात होतं, ‘हाताची शिर कापली गेली’. शिर म्हणजे डोकं! वेग वाढवला की शिर आणि शीर कानाला सारखंच लागतं. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे ठिपके २-४, दीर्घ ई म्हणजे ३-५, आणि मात्रेलाही तेच सेल. ‘श’वरून बोट पुढे सरकलं की चूक हाताला लागते. दुरुस्त केलेली प्रत मी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

म्हणून स्पष्ट सांगतो, लिहिणं हे ज्याचं काम आहे त्याने ब्रेल सोडू नये. ऐकून मजकूर कळतो, शुद्धलेखन कळत नाही. दृष्टिहीन मुलांना ‘संगणक बोलतो की’ म्हणून ब्रेल न शिकवणारे लोक त्यांना निरक्षर ठेवतायत, असं माझं ठाम मत आहे.

संदेश वाचायच्या आत निघून जातात म्हणालात, तर सेटिंग्जच्या त्याच ब्रेल विभागात ते बटण दाबेपर्यंत राहतील असं करता येतं. इंग्रजी ग्रेड २ मध्ये, म्हणजे संक्षिप्त ब्रेलमध्ये, वाचत असाल तर त्यासाठी सेटिंग्जचं वेगळं प्रोफाइल ठेवा, दर वेळी टेबल बदलत बसू नका. हे सगळं एनव्हीडीएपुरतं, जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरचे मेनू वेगळे आहेत. आणि बोटांची संवेदना कमी असेल, किंवा दृष्टी उतारवयात गेली असेल, तर आवाजावर काम करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझं भांडण त्या प्रशिक्षकांसारख्यांशी आहे, जे टेबलांची यादी उघडून न बघताच ‘मराठी येत नाही’ म्हणतात. तुम्हालाही कुणी तसं सांगितलं असेल, तर त्यांच्यासमोरच ती यादी उघडा.