बोट कुठल्या वाक्यावर?

अनेक आशीर्वाद.

अणुऊर्जा हवी की नको, यावर त्या माणसाशी तू घातलेला लेखी वाद पाठवलास, तो सगळा वाचला. तू अणुऊर्जेच्या बाजूने, तो विरोधात. तीन रात्री, दोघांची मिळून ३६ उत्तरं, आणि शेवटी मला लिहिलेली एक ओळ: 'काका, मी बरोबर होते, तरी हरले. आता असल्या वादांत पडूच नये असं वाटतंय.' नको वाटत असेल तर पडू नकोस, माझी ना नाही. पण हरलीस म्हणतेस ते मला कबूल नाही. हरायला आधी सामना व्हावा लागतो. तुमचा झालाच नाही.

उगाच म्हणत नाही. सगळं कागदावर काढून घेतलं, त्याच्या आणि तुझ्या प्रत्येक वाक्याला आकडा घातला आणि पेन्सिल घेऊन बसलो. एकेक उत्तर वाचायचं आणि ते आधीच्या कुठल्या वाक्याला दिलंय, त्या वाक्याचा आकडा समासात लिहायचा. ३६पैकी ३१ ठिकाणी समास कोरा राहिला. म्हणजे ३१ वेळा तुम्ही दोघं बोललात, पण एकमेकांशी नाही. कोऱ्या समासांत तुझे १७ आहेत, त्याचे १४. हे मुद्दाम सांगतोय.

सातव्या उत्तरात तो लिहितो, 'फुकुशिमात हजारो लोक मेले.' तू लगेच, 'फुकुशिमात एकही माणूस मेला नाही.' त्यापुढची ११ उत्तरं एकमेकांना खोटं पाडण्यात गेली. आता नीट बघ. ११ मार्च २०११ला भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुऊर्जा केंद्रात अपघात झाला आणि जपानच्या त्या किनाऱ्यावर मृत आणि बेपत्ता मिळून १८,०००हून अधिक माणसं गेली. ती त्सुनामीने नेली, त्यांचा अणुभट्टीशी संबंध नाही. किरणोत्सर्गाने झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारने २०१८मध्ये एका कामगाराचा मृत्यू मान्य केला. त्याला फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता. म्हणजे तुझं 'एकही नाही' हेही तसं चूकच. आणि तिसरी गोष्ट, जी तुम्हा दोघांपैकी कोणीच काढली नाही: दीड लाखाच्या आसपास माणसं घरदार सोडून हलवली गेली. अंथरुणाला खिळलेले म्हातारे, इस्पितळातून उचलून नेलेले रोगी, उपचार तुटलेले, मन खचलेले, अशी फुकुशिमा प्रांतातली २,०००हून अधिक माणसं या हलवाहलवीपायी पुढच्या काही वर्षांत गेली, असं तिथलं सरकारी दप्तरच सांगतं.

'फुकुशिमात मेले' या दोन शब्दांत तीन वाक्यं आहेत. त्याच्या मनात कुठलं होतं? तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर खरा वाद हाती लागला असता: स्थलांतरात गेलेली माणसं अणुऊर्जेच्या खात्यावर मांडायची की घाबरून घेतलेल्या निर्णयांच्या? यावर दोन शहाणी माणसं रात्रभर भांडली तर मी त्यांना चहा करून देईन.

वाक्यावर बोट ठेव. मला दुसरं काही सांगायचं नाही. उरलेलं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण तुला ओळखतो म्हणून माहीत आहे, वाचशील.

मेगावॉटचं भांडण तर मला वाचवेना. तो म्हणतो, तेवढ्याच क्षमतेचं सौरऊर्जा केंद्र अणुभट्टीच्या आधी उभं राहतं. तू म्हणतेस, पण अणुभट्टी कितीतरी जास्त वीज देते. दोघंही खरं बोलताय! १,००० मेगावॉटचं केंद्र वर्षभर अखंड पूर्ण भाराने चाललं तर ८७६ कोटी युनिटं होतात. चांगली चालणारी अणुभट्टी त्यातला ८० ते ९० टक्के पल्ला गाठते. सौर केंद्र रात्र, ढग आणि तिरपं ऊन धरून साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास घुटमळतं. तो क्षमतेबद्दल बोलत होता, तू निर्मितीबद्दल. 'तू मेगावॉट म्हणतोयस की युनिटं?' एवढ्या एका ओळीचं काम होतं. त्याऐवजी तू त्याला 'आधी शाळेत जा' म्हणालीस. मला हसू आलं हे कबूल करतो. पण समास कोराच.

आता तू म्हणशील, समोरचा हट्टी असेल, नामवंत असेल, सगळे त्याच्याच बाजूचे असतील, तर बोट ठेवून काय होतं? एक गोष्ट सांगतो, मला फार प्रिय आहे.

१८६२मध्ये लॉर्ड केल्विनने (तेव्हा तो नुसता विल्यम थॉमसन होता) पृथ्वीचं वय काढलं. वितळलेला गोळा निवत निवत आजच्या तापमानाला यायला किती काळ लागेल, असं ते गणित. उत्तर आलं २ कोटी ते ४० कोटी वर्षं. भूगर्भशास्त्रज्ञ हवालदिल झाले. खडकांचे थर त्यांना ओरडून सांगत होते की काळ याहून फार मोठा आहे, आणि तेही उलट ओरडत राहिले: आम्हाला आणखी वेळ हवा. केल्विन म्हणे, गणितात चूक दाखवा. गणितात चूक नव्हतीच. वर्षं गेली, भांडण जागच्या जागी.

मग १८९५मध्ये जॉन पेरी पुढे आला. हा केल्विनच्याच प्रयोगशाळेत पूर्वी सहायक होता. त्याने उत्तराला हात लावला नाही, गणितालाही नाही. एका गृहीतकावर बोट ठेवलं: पृथ्वीच्या पोटातून उष्णता वरच्या खडकांइतक्याच मंदपणे बाहेर येते, हे तुम्ही कशावरून धरलंत? आतला भाग थोडा जरी प्रवाही असेल आणि उष्णता ढवळून वर येत असेल, तर याच गणिताने वय २००-३०० कोटींपर्यंत जातं. मला सगळ्यात काय आवडतं सांगू? हे त्याने आधी जाहीर केलं नाही. आधी आपल्या जुन्या गुरूला आणि त्याच्या जवळच्यांना खाजगीत लिहिलं. गुरूने धूप घातली नाही तेव्हा छापलं.

केल्विनने मानलं का? छे. १८९७मध्ये तो उलट २ ते ४ कोटींवर येऊन बसला. (किरणोत्सर्गाचा शोध लागला म्हणून केल्विन चुकीचा ठरला, असं तुला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. तो शोध आतल्या उष्णतेचा नवा झरा दाखवतो हे खरं, पण नुसता तो धरून केल्विनचं उत्तर फारसं हलत नाही. वर्मी घाव पेरीचाच होता.) समोरचा मानेल म्हणून बोट ठेवायचं नसतं. मागून येणाऱ्याला कुठे खणायचं ते कळावं म्हणून ठेवायचं.

कोणी तुला सांगेल की वादात आधी पूर्वपक्ष मांडावा, समोरच्याची बाजू त्याच्याहून सरस मांडून दाखवावी. फार चांगलं. तेवढा दम असेल तर जरूर कर. मी त्याहून फार कमी मागतोय. एक वाक्य, फक्त एक.

आता माझं सांगतो, म्हणजे हा हेका कुठून आला ते कळेल.

आमच्या कचेरीत पहिल्यांदा संगणक आले तेव्हा मी तिशीत होतो आणि त्या बाजूचा सगळ्यात मोठा आवाज माझा होता. हिशोब विभागातला एक सहकारी, माझा मित्रच म्हणायचा, विरोधात होता. भर बैठकीत तो उठला आणि बरंच काही बोलला. नोकऱ्या जातील, सवय नाही, डोळे जातील. मी एकेक खोडून काढत गेलो. ताळेबंद जुळवायला लागणारे चार दिवस, त्याचा होणारा एक तास, हाताने होणाऱ्या चुका. फळ्यावर आकडे लिहून दाखवले. शेवटी तो म्हणाला, 'आणि यंत्र चुकलं तर सही कोणाची?' मी म्हणालो, 'यंत्र चुकत नाही, साहेब, माणसं चुकतात.' लोक हसले. तो बसला. त्यानंतर माझ्याशी तो कामापुरतं बोलला, आणि बदली झाल्यावर तेवढंही नाही.

माझे आकडे बरोबर होते. हे मी आजही सांगतो आणि मरेपर्यंत सांगेन. चार दिवसांचं काम खरंच तासाभरात व्हायला लागलं. त्याने काढलेल्या बाकीच्या भीतींत फारसं काही नव्हतं. पण त्या बैठकीत मी सगळ्या वाक्यांना उत्तर दिलं आणि जे एक वाक्य खरं होतं ते हशात बुडवलं.

पुढे ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या 'होरायझन' हिशोब प्रणालीची भानगड वाचली. प्रणाली म्हणे पैसे कमी आहेत. टपाल कचेरी चालवणारी माणसं म्हणत, आम्ही घेतले नाहीत. संगणक नीट चालत होता असं न्यायालयात गृहीत धरलं जाई, आणि चुकला हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर पडे. १९९९ ते २०१५ या काळात असे ९००हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, आणि ते निकाल रद्द करायला २०२४मध्ये कायदा करावा लागला. यंत्र चुकलं तर सही कोणाची. वाचताना मला तो फळा दिसत होता, खडूसकट. मित्राला पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं, पाठवायचं कुठे ते मला माहीत नाही.

तर आता तुझ्या त्या वादातलं २३वं उत्तर काढ. त्याने लिहिलंय, 'सुरक्षित आहे म्हणता, पण सुरक्षित आहे हे सांगणाऱ्यांवर विश्वास का ठेवायचा?' तू काय केलंस? दर युनिटामागे कोळशाने किती मरतात आणि अणुऊर्जेने किती, त्याचा तक्ता दिलास. तक्ता चांगला आहे. कोळशाचा धूर फार माणसं मारतो, वादच नाही. पण तो मृत्यूंबद्दल विचारतच नव्हता! तो विचारत होता, राखण करणाऱ्यावर राखण कोणाची? याला तक्ता हे उत्तर नव्हे. जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीने २०१२मध्ये त्या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं आणि नियामक, सरकार आणि कंपनी यांचं साटंलोटं त्याच्या मुळाशी असल्याचं सांगितलं. म्हणजे तुझ्याशी भांडणाऱ्या माणसाचं सगळ्यात भक्कम वाक्य ते होतं, आणि ते विज्ञानाचं नव्हतं, राजकारणाचं होतं. विज्ञानाच्या आकड्याने राजकारणाचा प्रश्न मिटवायला गेलं की माणूस चिडतो. चिडायलाच हवं. मीही माझ्या मित्राला तसाच चिडवला होता.

आणि त्याच्या खालीच तू लिहिलंस की तो 'विकला गेलेला' आहे. हा शब्द पुन्हा वापरू नकोस. असं का म्हणतो, ऐक. पेट्रोलमध्ये १९२३पासून शिसं घालून विकायला लागले. त्याचं समर्थन करणारा रॉबर्ट केहो हा शास्त्रज्ञ त्याच उद्योगाच्या पैशावर प्रयोगशाळा चालवत होता. सगळ्यांना माहीत होतं, आणि नुसतं माहीत असून दशकानुदशकं काही हललं नाही. केहो म्हणे, जिथे मोटारी नाहीत तिथल्या माणसांच्याही शरीरात शिसं सापडतं, म्हणजे एवढं शिसं सामान्यच. मग क्लेअर पॅटरसन आला. हा तोच, ज्याने १९५६मध्ये उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. ते मोजताना त्याच्या नमुन्यांत इकडून तिकडून शिसं शिरत राहिलं, म्हणून तो त्याच्या मागे लागला. १९६५मध्ये त्याने लिहिलं, सगळीकडे सापडतं म्हणजे नैसर्गिक आहे असं नाही. तुम्ही ज्यांना निर्मळ धरून तुलना करताय तेही माखलेलेच आहेत. 'सामान्य' या एका शब्दावर बोट. केहोचे पैसे सगळे मोजत बसले होते, याने त्याचं वाक्य मोजलं. तरीही वेळ लागला म्हणा. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तो थांबला २०२१मध्ये.

तुला वाटेल म्हातारा आपलंच तुणतुणं वाजवतोय. वाजवतोय. माझ्या वयात एकच तार उरते आणि ती तुझ्या उपयोगाची आहे.

त्याला परत लिहायचं की नाही ते तू ठरव. लिहिणार असशील तर २३व्या उत्तरापासून सुरू कर. आधीच्या तीन रात्रींचा हिशोब काढू नकोस, 'मी आधीच म्हटलं होतं' नको, शाळा नको. त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घे आणि त्याखाली लिही की हे मला नीट ऐकू आलं नव्हतं. मग तुझं काय म्हणणं आहे ते. ते चार ओळींत बसत नसेल तर म्हणणं अजून तयार नाही असं समज आणि झोप.

घरच्यांना नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता. क. – २९व्या उत्तरात तू प्लुटोनियम-२३९चं अर्धायुष्य (अणुभट्टीतला हा किरणोत्सर्गी पदार्थ निम्मा व्हायला लागणारा काळ) २,४०० वर्षं लिहिलंयस. ते २४,१०० आहे. चूक तुझ्या बाजूला झुकणारी आहे आणि त्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. आज रात्री तूच त्याला सांग.